सेट क्रमांक सतरा

मुख्तारभाईच्या दुकानात पानं गरम बाहेर येतात.
सेट सतरा, वीस प्रती, पिन डाव्या कोपऱ्यात.
मशीन अडखळली की एखादी प्रत वाकडी निघते,
ती माझी.
"तुझ्याच टाइमाला कशी अडकती गं ही?"
भाई विचारतात, आणि पैसे कापत नाहीत.

वाकड्या पानावर सगळ्या ओळी उताराला लागलेल्या.
दोनशे मीटरची गाडी एक खांब ओलांडते
बारा सेकंदांत.
हिंगोलीच्या फलाटावर मी खांब होऊन बघितलंय.
अकोल्याची गाडी इतकी सावकाश सुटली
की खिडकीतल्या बाईच्या मूठभर शेंगा सोलून झाल्या,
टरफलं खाली टाकून झाली,
"कोणतं गाव हाये हे?" हेही विचारून झालं.
बारा हे उत्तर मी तरीही पाठ केलं.

एक नळ टाकी सहा तासांत भरतो.
मी मोठ्यानं वाचत होते. आई घागरीवर फडकं बांधत होती,
नवव्या दिवसाचं पाणी.
"सहा तास नळ? कुठल्या गावात?
तिथं जागा निघाल्या का बघ."

मग नातेसंबंध. हे मला येतात.
फोटोकडे बोट दाखवून एक माणूस म्हणतो,
हिच्या वडिलांची एकुलती एक बहीण माझी आई.
तर ही त्याची कोण?
चौकोन, गोल, मधे आडवी रेघ. मामेबहीण. पर्याय क.
परवा आत्या आली होती,
माझ्या वडिलांची एकुलती एक.
पिशवीत पाव किलो पेढे, मोबाईलमध्ये दादाचा नव्या गाडीवरचा फोटो.
तिनं पर्यायांत नसलेलं उत्तर लिहूनच आणलं होतं.
"पुढच्या रविवारी येते," म्हणाली.

न येणारा प्रश्न सोडून द्यावा, मोबाईलवरचे सर सांगतात.
चुकलं तर पाव गुण जातो, कोऱ्याचं काही जात नाही.
मी कोरं ठेवलंय.
आई चहा ठेवते, साखर दोनदा घालते,
तीही काही भरत नाही.

इंग्रजीत अडतं ते बारकं.
अ, अ‍ॅन, द.
मराठीत असलं काही नसतं, सर म्हणतात,
म्हणून आपल्या पोरांचे दोन गुण तिथंच सांडतात.
नियम असा: पहिल्यांदा आलं की अ,
तेच पुन्हा आलं की द.
एक मुलगी दुकानात आली. ती मुलगी खाली बसली.
म्हणजे मधे काही करावं लागत नाही,
फक्त कुणीतरी दुसऱ्यांदा काढावं लागतं तिचं नाव.
मागच्या साली नांदेडच्या यादीवर मी बोट फिरवलं,
पाईकराव आडनावाचे तिघं होते, विशाखा नव्हती.
त्या रात्री मी अ सुद्धा नव्हते.

शनिवारी औंढ्याकडचा एक जण आला,
बोटांना पेनाची निळी शाई, पायात ओली चप्पल.
सतरामधला अठ्ठाविसावा त्याला सुटत नव्हता,
बैठकीचा, गोल टेबल, आठ माणसं, कुणाचं तोंड बाहेर कुणाचं आत.
मी फुकट गेलेल्या कागदाच्या पाठीवर टेबल काढलं,
सातवा माणूस बसवला, आठवा आपोआप बसला.
तो पायरी उतरता उतरता फोनवर कुणाला तरी सांगत होता,
"अरे, स्टँडमागं त्या झेरॉक्सवाल्या ताई हायेत ना,
त्यायला विचार. त्यायनी काढलंय."

त्या.

सरांना कळवायला पाहिजे.

मी अठराच्या वीस प्रती मोजत होते,
चुकले, पुन्हा एकपासून मोजल्या.
एकवीस भरल्या.
भाईंनी न बघता वरची माझ्याकडे सरकवली.
गरम होती, आणि या वेळी
सरळ.